खातं एकाचं, औषधपाणी दोघांचं

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी घरांत दिवाळीच्या आसपास फराळाबरोबर आणखी एक काम निघतं, ते म्हणजे ओपन एनरोलमेंट. पुढच्या वर्षीचा आरोग्यविमा निवडायचा, दातांचा आणि डोळ्यांचा निवडायचा, आणि त्याच अर्जात खाली कुठंतरी एक चौकट असते : हेल्थ एफएसए, म्हणजेच फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट. वर्षभरात पगारातून किती रक्कम कापायची, एवढंच ती विचारते. नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव विचारत नाही. त्यामुळे पुष्कळांचा समज होतो, की ज्याच्या पगारातून पैसे कापले त्याच्याच औषधपाण्याला ते चालतात. याउलट काही जोडपी एकमेकांना न विचारता आपापल्या कंपनीत मनाला येईल ते खातं उघडून मोकळी होतात, आणि एप्रिलमध्ये कर भरताना करसल्लागार सीपीएनं दोघांचे कागद शेजारी ठेवले की गडबड लक्षात येते. दोन्ही घोटाळ्यांचं मूळ एकच. खात्यावर नाव एकाचं असलं, तरी कायद्याच्या लेखी ते पहिल्या दिवसापासून दोघांसाठी उघडं असतं. त्याचा लाभ दोघांना मिळतो आणि त्याचा फटकाही दोघांना बसतो.

या खात्याचा पाया १९७८च्या रेव्हेन्यू ॲक्टमध्ये आहे. त्या कायद्यानं प्राप्तिकराच्या संहितेत कलम १२५ आलं आणि नोकरदाराला पगाराचा काही भाग रोख न घेता करमुक्त सोयींच्या रूपात घेण्याची मुभा मिळाली. आपल्याला काय हवं ते निवडून घ्यायचं, म्हणून अशा योजनांना ‘कॅफेटेरिया प्लॅन’ म्हणतात. बरीच वर्षं हेल्थ एफएसएत किती पैसे टाकायचे यावर कायद्याची मर्यादा नव्हती, ती कंपनीच ठरवत असे. ओबामांच्या आरोग्यविमा कायद्यानं २०१३पासून वर्षाला २,५०० डॉलरचं छत घातलं. महागाईप्रमाणे ते वाढत २०२५मध्ये ३,३०० आणि २०२६मध्ये ३,४०० डॉलरवर आलं आहे. या रकमेवर केंद्राचा प्राप्तिकर लागत नाही, शिवाय सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची मिळून ७.६५ टक्के कपातही लागत नाही. २२ टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसानं ३,००० डॉलर बाजूला काढले, तर साधारण ८९० डॉलर वाचतात. बहुतेक राज्यं आपला करही सोडतात. न्यू जर्सी मात्र सोडत नाही. तिथल्या एडिसनच्या वाचकांनी हिशेब करताना हे लक्षात ठेवावं.

आता मुख्य प्रश्न. जोडीदाराचा खर्च या खात्यातून चालतो का? चालतो, आणि त्यासाठी लोक ज्या अटी मनाशी धरून बसतात, त्यांतल्या बहुतेक अटी अस्तित्वातच नाहीत. जोडीदार तुमच्या कंपनीच्या विम्यावर असायला हवा, असं नाही. तो तुमच्यावर आर्थिकदृष्ट्या अवलंबून असायला हवा, असंही नाही. तुम्ही कर एकत्र भरता की वेगवेगळा, यानं फरक पडत नाही. कायदा बघतो फक्त लग्न. बायको विद्यापीठात शिकते आणि तिथल्याच विद्यार्थी विम्यावर आहे, तरी तिच्या चष्म्याचे पैसे नवऱ्याच्या एफएसएतून निघतात. नवऱ्यानं नोकरी सोडून स्वतःचा धंदा टाकला आणि बाजारातून वेगळा विमा घेतला, तरी त्याच्या डॉक्टरचा को-पे, म्हणजे भेटीमागे स्वतः भरायचा वाटा, बायकोच्या खात्यातून भरता येतो. हा दुसरा मुद्दा व्यावसायिकांना विशेष कामाचा आहे, कारण स्वयंरोजगारी माणसाला किंवा भागीदाराला स्वतःची एफएसए काढताच येत नाही. एस-कॉर्पोरेशनमध्ये दोन टक्क्यांहून अधिक वाटा असलेल्या मालकालाही नाही, आणि त्याच कंपनीत पगारावर असलेल्या त्याच्या जोडीदारालाही नाही. आपल्या अशा सल्लागार एस-कॉर्पोरेशनमध्ये बायकोला कर्मचारी दाखवून तिच्या नावानं एफएसए उघडण्याची युक्ती म्हणूनच चालत नाही. तिनं दुसरीकडे नोकरी धरली, तर मात्र तिच्या खात्याचा उपयोग दोघांनाही.

एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी नोकरदाराचे जोडीदार म्हणून आलेल्यांना तर याचं महत्त्व अधिक. मे २०१५पासून एच-४वाल्यांतल्या काहींना कामाचा परवाना मिळू लागला. बाकीच्यांना स्वतःचा पगार नाही, म्हणजे स्वतःची एफएसएही नाही. घरात एकच खातं असतं आणि घरचा औषधोपचाराचा बराचसा खर्च त्यातूनच व्हायचा असतो. तरीही ‘विमा माझ्या नावावर नाही’ एवढ्या समजुतीवर दातांची पावती कचऱ्यात टाकणारी माणसं आढळतात, ही हळहळ वाटण्यासारखी गोष्ट आहे.

लग्न कुठं झालं याची अडचण नसते. पुण्यातल्या कार्यालयात लागलेलं, कायद्यानं वैध असलेलं लग्न इथल्या करकायद्यालाही मान्य असतं. अमेरिकेतच राहत असलं पाहिजे, ही अट जोडीदाराला नाही. आई-वडिलांसारख्या अवलंबितांना मात्र नागरिकत्वाची किंवा रहिवासाची अट आहे. त्यामुळे डिसेंबरात लग्न झालं, बायकोचा व्हिसा मार्चमध्ये आला, आणि मधल्या काळात तिनं साताऱ्यात दाढ काढून घेतली, तर तो खर्चही कायद्याच्या चौकटीत बसतो. कंपनीची योजना कायद्यापेक्षा आखूड असू शकते, म्हणून योजनेचा कागद वाचावा, पण मुळात दार बंद नाही. समलिंगी जोडप्यांना हा हक्क २०१३मध्ये मिळाला. त्या वर्षी ‘विंडसर’ खटल्याचा निकाल लागला आणि पाठोपाठ कर खात्यानं अशी लग्नं मान्य केली. लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांना मात्र तो आपोआप मिळत नाही. कंपनी ‘डोमेस्टिक पार्टनर’ला विमा देते म्हणून एफएसएही देईल, असं गृहीत धरू नये. असा जोडीदार करकायद्याच्या व्याख्येत तुमच्यावर अवलंबून ठरला, तरच त्याचा खर्च चालतो.

घटस्फोटाची रेषाही अशीच कडक असते. हुकूमनामा झाला त्या दिवसानंतरच्या उपचारांचा खर्च माजी जोडीदारासाठी चालत नाही. कोर्टानं पोटगीच्या अटींत ‘तिचा वैद्यकीय खर्च त्यानं द्यावा’ असं लिहिलं असलं तरी. मुलांचं तसं नाही. मूल कोणाकडे राहतं, कर भरताना ते कोण दाखवतं, याकडे न बघता आई आणि वडील दोघेही आपापल्या खात्यातून त्याचा खर्च भागवू शकतात.

भारतातून नव्यानं आलेल्या नोकरदाराचा आणखी एक गोंधळ होतो. आपल्याकडे २०१८च्या अर्थसंकल्पापर्यंत पगारदाराला वर्षाला १५,००० रुपयांपर्यंत वैद्यकीय खर्चाची करमुक्त भरपाई मिळे, आणि त्यात बायको-मुलांबरोबर अवलंबून असलेले आई-वडीलही धरलेले असत. पुढे ती सवलत प्रमाणित वजावटीत विरघळली. त्या सवयीनं लोक नाशिकच्या वडिलांच्या मोतीबिंदूचं बिल इथं लावू बघतात. ते चालत नाही. अवलंबित म्हणून धरायचा तर माणूस अमेरिकेचा नागरिक किंवा अमेरिका, कॅनडा, मेक्सिको यांपैकी कुठला तरी रहिवासी हवा. ग्रीन कार्डवर येऊन तुमच्याजवळच राहणारे आणि ज्यांचा निम्म्याहून अधिक खर्च तुम्ही उचलता असे आई-वडील या खात्यात बसू शकतात. बायकोची गोष्ट वेगळी, आई-वडिलांची वेगळी, हे कितीही खटकलं तरी कायद्याची रचना तशी आहे.

काय चालतं आणि काय नाही, याची यादी लांबलचक आहे, थोडक्यात उरकतो. को-पे, डिडक्टिबल, दात, चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स, मानसोपचार, फिजिओथेरपी, स्तनपानाचा पंप, वंध्यत्वावरचे उपचार हे सारं चालतं. २०२०च्या केअर्स ॲक्टनंतर डोकेदुखीच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय चालतात आणि सॅनिटरी पॅडही चालतात. (इतकी वर्षं ते का चालत नव्हते, हे एखाद्या कायदेपंडितानंच समजावून सांगावं.) विम्याचा हप्ता चालत नाही, तुमचा नाही आणि जोडीदाराच्या कंपनीत कापला जाणाराही नाही. दात पांढरे करणं, सौंदर्यशस्त्रक्रिया, जिमची फी नाही. आयव्हीएफ चालतं, पण सरोगसीचा खर्च अडतो, कारण गर्भ वाढवणारी स्त्री तुमची पत्नीही नाही आणि अवलंबितही नाही. बाळंतपणाच्या वर्गांची फी आईच्या वाट्यापुरती चालते, सोबत बसून श्वास मोजणाऱ्या नवऱ्याच्या वाट्याची नाही. आणि दोघांनी मिळून घेतलेलं वैवाहिक समुपदेशन सहसा नामंजूर होतं, कारण लग्न बिघडणं हा कर खात्याच्या मते आजार नाही. दोघांपैकी एकाला नैराश्यासारखं निदान झालेलं असेल आणि उपचार त्यासाठी असतील, तर ते चालतं.

सुट्टीत भारतात गेल्यावर रूट कॅनाल, क्राउन, चष्मे करून घेणं हा इथल्या मराठी घरांचा नेम आहे. परदेशात घेतलेले कायदेशीर उपचार एफएसएत चालतात. डॉक्टरनं लिहून दिलेलं औषध तिथंच विकत घेऊन तिथंच संपवलं आणि ते दोन्ही देशांत कायदेशीर असलं, तर तेही चालतं. सासूबाईंनी कुरिअरनं पाठवलेल्या औषधांचं पार्सल चालत नाही. विमानाचं तिकीटही नाही; भेटीगाठींसाठी जाऊन दात दुरुस्त केले म्हणून तो प्रवास वैद्यकीय ठरत नाही. आयुर्वेदाच्या बाबतीत, ताजंतवानं होण्यासाठी केलेलं पंचकर्म अडतं. निदान झालेल्या आजारावर, वैद्यकीय गरज असल्याच्या डॉक्टरच्या पत्रासह केलेले उपचार योजना सांभाळणारी संस्था एकेक तपासून ठरवते. अडचण बहुधा कागदाची असते. आपल्याकडच्या दवाखान्यात ‘मिळाले रु. १८,०००’ एवढीच चिठ्ठी हातात पडते. इथं दावा मंजूर व्हायला पाच गोष्टी लागतात : डॉक्टरचं किंवा दवाखान्याचं नाव, रुग्णाचं नाव, उपचाराची तारीख, काय केलं त्याचा तपशील आणि रक्कम. खुर्चीतून उठण्याआधीच असं बिल इंग्रजीत मागून घ्यावं. परत आल्यावर व्हॉट्सॲपवरून डॉक्टरच्या मागे लागण्यात अर्थ नसतो. एफएसएचं कार्ड भारतात चालेल या भरवशावर राहू नये. पैसे आपण भरावेत आणि त्या दिवसाचा विनिमयदर लावून अर्ज करावा.

कागदाचा त्रास अमेरिकेतही जोडीदाराच्या बाबतीतच जास्त होतो, आणि त्याचं कारण सहसा कोणी सांगत नाही. एफएसएचं कार्ड दवाखान्यात वापरलं की यंत्रणा ती रक्कम तुमच्या कंपनीच्या विम्यातल्या ठरावीक को-पेशी जुळवून बघते. जुळली तर पावती मागितली जात नाही. बायको दुसऱ्या कंपनीच्या विम्यावर असेल, तर तिचा को-पे या यादीत नसतो, म्हणून जुळत नाही आणि दर वेळी पावतीची मागणी येते. ती दिली नाही तर कार्ड बंद पडतं. खर्च चुकीचा होता असं लोकांना वाटतं आणि ते नाद सोडतात. खर्च बरोबरच असतो, फक्त तिच्या विमा कंपनीकडून येणारा ‘ईओबी’ हे तपशीलपत्रक जोडावं लागतं. यात खाजगीपणाचाही एक प्रश्न आहे. खातं नवऱ्याच्या लॉगिनवर असतं, त्यामुळे बायकोच्या मानसोपचारांच्या किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाच्या पावत्या त्याच्या नजरेखालून जातात. ज्यांना हे नको असेल, त्यांनी स्वतःच्या नोकरीत वेगळं खातं ठेवावं.

दोघांनाही नोकरी असेल तर दोन खाती ठेवता येतात का, हा नेहमीचा प्रश्न. येतात. ३,४०० डॉलरचं छत माणशी आहे, घरामागे नाही. दोघे एकाच कंपनीत असले तरी. फक्त एकाच बिलाचे पैसे दोन्ही खात्यांतून उचलायचे नाहीत. गरज एकाच खात्यापुरती असेल, तर ते कोणी काढावं, यात थोडं गणित आहे. २०२६मध्ये सोशल सिक्युरिटीची ६.२ टक्के कपात १,८४,५०० डॉलर पगारापर्यंतच लागते. नवऱ्याचा पगार २,१०,००० आणि बायकोचा ९५,००० असेल, तर नवऱ्याच्या वरच्या पगारावर ती कपात आधीच थांबलेली असते; एफएसएनं त्याची बचत तेवढी कमी होते. एकत्र कर भरणाऱ्यांना प्राप्तिकराची बचत दोन्हीकडे सारखी, म्हणून खातं बायकोच्या कंपनीत काढलं तर ३,४०० डॉलरवर आणखी सुमारे २१० डॉलर राहतात. घरात ‘ज्याचा पगार मोठा त्याच्याकडून कापू’ असा सरळ विचार होतो. इथं तो उलटा करावा.

सगळ्यांत महागात पडणारी गोष्ट मात्र एचएसएची आहे. २००३च्या कायद्यानं आलेलं हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट जास्त डिडक्टिबलच्या (विमा पैसे देऊ लागण्याआधी स्वतः भरायच्या रकमेच्या) विम्याबरोबर मिळतं, त्यातले पैसे वर्षाअखेर बुडत नाहीत, गुंतवता येतात, म्हणून हल्ली आयटीतल्या बऱ्याच जोडप्यांत एकाकडे ते असतं. अट अशी, की एचएसएत भर टाकणाऱ्याला डिडक्टिबलच्या आधीच खर्च भागवणारी दुसरी कोणतीही सोय असता कामा नये. आता बायकोनं एचएसए घेतली आणि नवऱ्यानं आपल्या कंपनीत सहज ५०० डॉलरची साधी एफएसए उघडली. ती एफएसए बायकोचा खर्च भागवू शकते. झालं, तिची एचएसएची पात्रता गेली. नवऱ्यानं तिच्यावर एक डॉलरही खर्च केला नाही, करायचा विचारही नव्हता, तरी गेली. भागवू शकते एवढंच कायद्याला पुरतं. २०२६साठी एचएसएची एकट्याची मर्यादा ४,४०० आणि कुटुंबाची ८,७५० डॉलर आहे. तिनं त्या वर्षात टाकलेली रक्कम अपात्र ठरते, आणि ती काढून घेईपर्यंत दर वर्षी सहा टक्के दंड लागतो. कर भरण्याच्या मुदतीआधी जादा रक्कम तिच्यावरच्या नफ्यासह परत काढली तर दंड टळतो, पण करबचत जाते. तिकडे नवऱ्याची एफएसए वर्ष संपेपर्यंत मोडता येत नाही. वर्षाअखेर तिच्यातले थोडे पैसे पुढच्या वर्षात सरकले, तर पुढचं वर्षही हातचं जाऊ शकतं.

यातून सुटण्याचे दोन रस्ते आहेत. नवऱ्याच्या कंपनीत फक्त दात आणि डोळ्यांपुरती ‘लिमिटेड पर्पज’ एफएसए असेल तर ती घ्यावी. तिनं एचएसएला बाधा येत नाही. किंवा योजनाच जोडीदाराला वगळणारी असावी. काही कंपन्या तशी ठेवतात, पण ती तुमच्या तोंडी कबुलीनं होत नाही, योजनेच्या कागदात तसं लिहिलेलं असावं लागतं. एचएसएत आधीच साठलेले पैसे मात्र दोघांच्याही उपचारांना कधीही वापरता येतात. अडवणूक फक्त नवी भर टाकण्याची. जोडीदाराला एफएसएतून लाभ मिळतो हे जे वर कौतुकानं सांगितलं, तेच औदार्य इथं आडवं येतं. माझ्या मते हा नियम अवाजवी आहे. वापरलीच नाही अशा सोयीसाठी दुसऱ्याचं खातं बंद करण्याचं काही कारण दिसत नाही. पण तो बदलेपर्यंत पाळावा लागेल.

नावातल्या साधर्म्यामुळे होणारा आणखी एक घोटाळा : डिपेंडंट केअर एफएसए. हे पाळणाघराच्या फीसाठीचं अगदी वेगळं खातं. त्याचं छत घरामागे असतं, २०२५पर्यंत ५,००० आणि २०२६पासून ७,५०० डॉलर. यात जोडीदाराची वैद्यकीय बिलं बसत नाहीत, आणि दोघेही नोकरी करणारे, नोकरी शोधणारे किंवा पूर्णवेळ शिकणारे असावे लागतात. एच-४वर घरी असलेल्या आईमुळे पाळणाघराची सवलत सहसा अडते, हे कळेपर्यंत पैसे कापलेले असतात.

पुन्हा हेल्थ एफएसएकडे वळू. तिच्यातले पैसे बुडण्याची भीती खरी आहे. वर्षाअखेर उरलेली रक्कम कंपनीकडे जाते. कंपनी दोनपैकी एक सवलत देऊ शकते : काही रक्कम पुढच्या वर्षात सरकवणं (२०२६च्या खात्यातून ६८० डॉलरपर्यंत) किंवा खर्चासाठी अडीच महिन्यांची वाढीव मुदत. दोन्ही एकदम नाही, आणि काही कंपन्या एकही देत नाहीत. बदल्यात नोकरदाराच्या बाजूनंही एक नियम आहे. वर्षभरासाठी ठरवलेली पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते. बायकोचं बाळंतपण जानेवारीत असेल, तर एका पगाराची कपात झालेली असतानाही ३,४०० डॉलरचं बिल भागतं. नंतर नोकरी सुटली तरी कंपनी उरलेली कपात वसूल करू शकत नाही. उलट नोकरी आधी गेली आणि खातं भरलेलं राहिलं, तर खातं बंद होण्याआधी घेतलेल्या उपचारांचेच पैसे मिळतात, जोडीदाराच्याही. तारीख मोजायची ती उपचाराची, बिल भरल्याची नव्हे. नोकरकपातीची कुजबुज ऐकू येऊ लागली की दोघांचे रखडलेले दात, चष्मे आधी उरकावेत. नोकरी गेल्यावरही कंपनीची आरोग्ययोजना चालू ठेवू देणाऱ्या कोब्रा कायद्यातून खातं काही काळ चालू ठेवता येतं, पण ते करोत्तर पैशांनी.

मध्येच रक्कम बदलायची मुभा लग्न, घटस्फोट, मूल होणं, जोडीदाराची नोकरी लागणं किंवा जाणं अशा प्रसंगांतच मिळते, आणि बहुतेक कंपन्या त्यासाठी ३० दिवस देतात. ही मुदत सहसा लग्नाच्या तारखेपासून मोजली जाते, नवी नवरी विमानतळावर उतरते त्या दिवसापासून नव्हे. गावाकडे पाहुणचार चालू असतानाच एचआरला मेल टाकावा लागतो.

या दिवाळीत अर्ज भरायला बसाल तेव्हा दोघांच्या कंपन्यांचे अर्ज शेजारी उघडा. कोणाकडे एचएसए आहे, कोणाची एफएसए कोणत्या प्रकारची आहे, आणि उरलेल्या पैशांचं दोन्हीकडे काय होतं, हे एचआरकडून लेखी मागून घ्या, आणि मगच आकडा भरा.